अवकाशातला लेझर 'टिकाऊ' का 'भरवशाचा'?

कोथरूडकर: मंडळी, भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, उपग्रहावरच्या लेझरचा फलक मराठीत करून द्यायचाय आणि 'लाँग टर्म रिलायबिलिटी'पाशी गाडी अडलीये. 'दीर्घकालीन विश्वासार्हता' लिहिलं तर भाची म्हणते, मामा हे बँकेच्या जाहिरातीतलं वाटतंय. सरळ 'टिकाऊपणा' लिहू का?

पेठेतला: टिकाऊ सतरंजी असते. विश्वासार्ह बातमी नाहीतर साक्षीदार. यंत्राला आपण 'भरवशाचं' म्हणतो, विषय संपला.

लेन्सवाली: संपला नाही हो 😀 पण 'टिकाऊ' नको हे खरं, कारण वस्तू जागेवर शाबूत असते आणि तरी काम देत नाही. नासाने जानेवारी २००३ मध्ये आइससॅट सोडला, बर्फाची उंची मोजायला, त्यावर तीन लेझर होते आणि पहिला मार्चमध्येच गेला. दोष कुठे निघाला, तर लेझरमधल्या क्रिस्टलला प्रकाश पुरवणाऱ्या डायोडच्या (विजेवर प्रकाश देणारा बारीकसा तुकडा) जोडणीत, तिथलं इंडियम या धातूचं सोल्डर (सोनार ज्याला डाग म्हणतात तेच काम) सोन्याच्या बारीक तारा खात गेलं. मग उरलेले दोन लेझर दर वर्षी थोडे थोडे दिवसच चालवून २००९ पर्यंत रेटलं.

पेठेतला: भरवशाच्या म्हशीला टोणगा!

लेन्सवाली: अगदी. आणि काका, लेझरचं आयुष्य वर्षांत मोजू नका, शॉटमध्ये मोजा, शॉट म्हणजे प्रकाशाचा एकेक झटका. तो लेझर सेकंदाला ४० शॉट मारायचा, म्हणजे चालू असेल त्या दिवशी चौतीस लाखांच्या वर!

कोथरूडकर: बाप रे. आणि 'कंटॅमिनेशन'ला प्रदूषण लिहिलंय, चालेल?

लेन्सवाली: नको, मुलांना मुठा नदी आठवेल. अतिनील लेझर असला की आतल्या गोंद-प्लॅस्टिकमधून सुटणारी वाफ नेमकी जिथे किरण पडतो तिथेच काचेवर जळून बसते, कंदिलाच्या काचेसारखी काजळी धरते म्हणा ना. युरोपने २०१८ मध्ये सोडलेल्या एओलस उपग्रहावर म्हणूनच लेझरच्या काचांपाशी थोडा ऑक्सिजन सोडत होते, म्हणजे ती जमायच्या आत जळून जाते. तरीही त्याच्या पहिल्या लेझरची ताकद उतरत गेलीच, कारण वेगळं होतं, आणि २०१९ मध्ये दुसऱ्यावर जावं लागलं.

पेठेतला: 'ताकद उतरणे' मस्त. 'ऊर्जा-ऱ्हास' लिहिणाऱ्यांना दाखवा कुणीतरी.

कोथरूडकर: आणि 'सॉलिड स्टेट'? पुस्तकात स्थायू-द्रव-वायू आहे, तर 'स्थायू लेझर'?

लेन्सवाली: तसं डायोडही स्थायूच की, पण त्याला आमच्यात वेगळं धरतात. सॉलिड स्टेट म्हणजे नियोडिमियमसारखं एखादं मूलद्रव्य मिसळलेला क्रिस्टल किंवा काच, चांद्रयान-१ वरचा उंची मोजणारा लेझर तसलाच. 'सॉलिड स्टेट'च ठेवा आणि खाली एक ओळ समजावून लिहा.

कोथरूडकर: मग मथळा असा करतो, 'हा लेझर किती शॉटपर्यंत भरवशाने चालेल?' शॉटला 'स्पंद' लिहू?

पेठेतला: फलकापाशी भाची उभी राहणार ना, तिलाच विचारा.