रेस्टोरेशनला मराठीत काय म्हणायचं?

पोटमाळा: फ्रान्सच्या इतिहासाचं भाषांतर करतोय, १७८९ ते १८३०. 'राज्यक्रांती' आणि 'साम्राज्य' हे शब्द तयारच आहेत. गाडी अडलीय १८१४ पाशी. नेपोलियनने फाँतेनब्लोला गादी सोडली, बुर्बाँ घराण्यातला अठरावा लुई राजा झाला. या काळाला 'रेस्टोरेशन' म्हणतात. मी 'पुनर्स्थापना' लिहिलं, संपादकांनी खोडून 'राजेशाहीचे पुनरागमन' केलं. मला तर त्यात उत्तरपूजेचं 'पुनरागमनाय च' ऐकू येतं. सुचवा काहीतरी.

साखरझोप: आधी शुद्धलेखन. पुढे 'स' आला की विसर्ग तसाच राहतो, म्हणून पुनःस्थापना. पुनर्जन्म, पुनर्विवाह वेगळे, तिथे पुढचं व्यंजन मृदू आहे.

चहाबाज: पेपरात रोज पुनर्स्थापना छापून येतं. लोक लिहितात ते बरोबर.

साखरझोप: लोक 'आशिर्वाद'ही लिहितात. घ्या मग.

पाणवठा: संधी राहू द्या, स्थापना झाली कशाची ते बघा. तिरंगा जाऊन पांढरं निशाण आलं, पण नेपोलियनची दिवाणी संहिता राहिली, प्रीफेक्ट म्हणजे त्याचे जिल्हाधिकारी राहिले, लीजन ऑफ ऑनर हा त्याचा किताब राहिला. क्रांतीत जप्त करून विकलेल्या जमिनीसुद्धा घेणाऱ्यांकडेच राहिल्या, राजाने सनदेत तशी हमीच दिली. राजा परत आला, जुनं राज्य नाही. त्यामुळे 'पुनरागमन' मला तितकं वाईट वाटत नाही.

पोटमाळा: 'सनद' मस्त! मी 'घटना' लिहिलं होतं. राजाने आपल्या मर्जीने दिलेली, म्हणजे सनदच.

अडकित्ता: त्या सनदेखालची मिती वाचा. साल १८१४, आणि 'आमच्या कारकिर्दीचे एकोणिसावे वर्ष'! पुतण्या १७९५ मध्ये कैदेत वारला, तेव्हापासून हे स्वतःला राजे समजत होते. मधलं प्रजासत्ताक, नेपोलियन, सगळं हिशेबाबाहेर. राजाच्या लेखी गादी कधी गेलीच नव्हती, तर पुनःस्थापना कसली?

चहाबाज: आणि १८१५ मध्ये नेपोलियन एल्बाहून परत आला, लुई गेंटला पळाला, वॉटर्लूनंतर पुन्हा पॅरिसला. ती पुनःपुनःस्थापना का?

उखाणा: माझं मत 'जीर्णोद्धार'. लुईचा भाऊ दहावा चार्ल्स, याने १८२५ मध्ये रँसला जुन्या थाटात राज्याभिषेक करवून घेतला. अभिषेकाच्या पवित्र तेलाची कुपी क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये भर चौकात फोडली होती. कोणी कोणी जपून ठेवलेले तिचे अंश नव्या कुपीत घातले आणि विधी पार पाडला. याला दुसरा शब्द आहे?

साखरझोप: जीर्णोद्धार देवळाचा होतो. राजाचा नाही.

उखाणा: त्या चार्ल्सला मधला फरक कोणी सांगितला नसावा. पाच वर्षांत हाकलला गेला.

पोटमाळा: तूर्त 'बुर्बाँ राजवटीची पुनःस्थापना' ठेवतो. पुढचा प्रश्न: नेपोलियन सम्राट की बादशहा? आमचे आजोबा बादशहाच म्हणत.

पाणवठा: काहीही म्हणा, पण 'फ्रान्सचा' नको, 'फ्रेंचांचा'. त्याची पदवी तशीच होती. १८३० मध्ये आलेल्या लुई फिलिपनेही 'फ्रेंचांचा राजा' म्हणवून घेतलं. बुर्बाँ मात्र 'फ्रान्सचे राजे'. सगळं भांडण त्या षष्ठीत आहे.

अडकित्ता: मितीची ही चलाखी इंग्रजांनी आधीच केली होती. दुसरा चार्ल्स परतला १६६० मध्ये, पण ते कारकिर्दीचं बारावं वर्ष धरलं. बापाचं डोकं उडवलं त्या १६४९ पासून मोजून.

चहाबाज: मुंबई आंदण मिळाली तोच ना हा?

उखाणा: हुंडा म्हणा. १६६१ च्या करारात पोर्तुगालने राजकन्या कॅथरीनबरोबर नवऱ्याला दिली.

चहाबाज: हुंडा रोकड असतो. भांडीकुंडी, गाय, जमीन मुलीबरोबर जाते ते आंदण. आमच्या आजीच्या आंदणात म्हैस होती.

साखरझोप: आंदण मुलीचं असतं. कॅथरीनला मुंबईतलं काय मिळालं? चार्ल्सने १६६८ मध्ये ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. हुंडाच.