डिलनच्या परक्या गाण्यांच्या दोन तबकड्या: थोर की नुसती उसनवारी?

जुनी_तबकडी

अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलनवर बोलणं निघालं की गाडी साठच्या दशकातून बाहेर येतच नाही. फार तर २०१६ च्या नोबेलवर येऊन थांबते. म्हणून मुद्दाम १९९२-९३ चा धागा काढतोय. माझं म्हणणं असं, की 'वर्ल्ड गॉन राँग' (१९९३) मध्ये तो जितकं चांगलं गायलाय तितकं पन्नाशीनंतर पुन्हा कधी गायला नाही. आणि त्यात त्याने लिहिलेलं एकही गाणं नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १९९० नंतर स्वतःच्या नव्या गाण्यांची तबकडी त्याने थेट १९९७ मध्ये काढली. मधल्या काळात 'गुड ॲज आय बीन टू यू' (१९९२, १३ गाणी) आणि 'वर्ल्ड गॉन राँग' (१० गाणी) आल्या. सगळी जुनी लोकगीतं, ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची दुःखगीतं), आयरिश-इंग्लिश पोवाड्यांसारखी कथागीतं. साथीला कुणी नाही. तो, त्याची गिटार आणि अधूनमधून माउथ ऑर्गन. अशी एकट्याने अख्खी तबकडी त्याने १९६४ नंतर केलीच नव्हती. १९९२ च्या उन्हाळ्यात शिकागोत डेव्हिड ब्रॉमबर्ग या वादकाबरोबर पूर्ण वाद्यमेळ घेऊन गाणी ध्वनिमुद्रित झाली होती, ती बाजूला ठेवली आणि मालिबूच्या घरी गॅरेजमधल्या स्टुडिओत एकटाच बसला.

ऑक्टोबर १९९२ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याच्या कारकिर्दीच्या तिशीचा सोहळा झाला. जॉर्ज हॅरिसन, क्लॅप्टन, नील यंग, सगळे त्याचीच गाणी गायला हजर. आणि त्यापाठोपाठ हा पठ्ठ्या बाजारात काय आणतो, तर बेडकाच्या लग्नाचं बालगीत! (खरंच. पहिल्या तबकडीतलं शेवटचं गाणं.)

'वर्ल्ड गॉन राँग'मधलं एकच गाणं नीट ऐका: 'डेलिया'. १९०० च्या नाताळात जॉर्जियातल्या सव्हाना शहरात डेलिया ग्रीन या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीचा गोळी घालून खून झाला. तिच्यावरचं गाणं पुढे कितीतरी तोंडांतून फिरत राहिलं. जॉनी कॅशने तेच १९९४ मध्ये गायलं. त्यात खुनीच बोलतो, आणि थोडा गुर्मीतच बोलतो. डिलनच्या गाण्यात बोलणारा कोण हे शेवटपर्यंत उलगडत नाही. तिच्यावर जीव असलेला, कडेला राहिलेला कुणीतरी. प्रत्येक कडव्याअखेर तीच ओळ, होते नव्हते ते सगळे मित्र गेले. कधी ती ओढून म्हणतो, कधी उरकून टाकतो. शेवटाकडे मला तर वाटायला लागतं की आता डेलियाचा विषयच राहिला नाही, हा स्वतःबद्दल बोलतोय.

१९९५ च्या ग्रॅमीत पारंपरिक लोकसंगीताचा पुरस्कार डिलनच्या या तबकडीला आणि समकालीन लोकसंगीताचा कॅशच्या तबकडीला मिळाला. दोन्हींत डेलिया. झोडपा आता.

ठोकळेबाज

झोडपतो. सुचत नव्हतं, म्हणून दुसऱ्यांचं गायलं. यात थोर काय? १९९२ च्या ऑगस्टमध्ये क्लॅप्टनचा 'अनप्लग्ड' (विजेच्या वाद्यांऐवजी साध्या, अकूस्टिक गिटारींवरची मैफल) आला आणि पुढच्या वर्षी ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरला. अकूस्टिकचा हंगामच होता तो. म्हातारा गवई आणि लाकडी गिटार असं समीकरण जमलं की समीक्षक लगेच 'मुळांकडे परतला' म्हणून हार घेऊन उभे. तोच आवाज, तेच सूर एखाद्या नवख्याने दिले असते तर कुणी दोन गाण्यांच्या पुढे ऐकलं असतं का?

जुनी_तबकडी

हंगामच साधायचा असता तर स्वतःची लोकप्रिय गाणी गिटारवर वाजवून मोकळा झाला असता. 'अनप्लग्ड' त्याने नंतर केलंच की, नोव्हेंबर १९९४ मध्ये. बँड घेऊन, स्वतःची गाणी. ते ऐका आणि हे ऐका.

आयतं_गिऱ्हाईक

धागा वाचून दोन्ही ऐकल्या. पहिली तीन-चार गाणी बरी वाटली, पुढे सगळं एकसुरी. तारा खरखरतात, शब्द कळत नाहीत. माफ करा मंडळी, आपल्याला नाही झेपलं.

सहा_तारा

माझी तक्रार आवाजाबद्दल नाही. तो घोगरेपणा या गाण्यांना शोभतो. तक्रार श्रेयाची आहे, आणि ती मुख्यतः १९९२ च्या तबकडीबद्दल.

'कॅनडी-आय-ओ' घ्या. शब्द जुने, कुणाचेच नाहीत, मान्य. पण निक जोन्स या इंग्लिश गायकाने १९८० च्या 'पेंग्विन एग्ज'मध्ये ते ज्या चालीत आणि ज्या मांडणीत बसवलं, डिलन त्याच वाटेने चालतो. जोन्सचा उजवा हात म्हणजे वेगळीच चीज आहे. अंगठ्याने खालची तार अशी हाणतो की गिटारीत तबला शिरल्यासारखा ठेका येतो. डिलनला ते जमलेलं नाही, पण आराखडा तोच. आणि हा जोन्स १९८२ मध्ये मोटार अपघातात इतका जबर जखमी झाला की पुढे अनेक वर्षं त्याला मंचावर येता आलं नाही. अशा माणसाचं नाव टाकायला काय जातं? 'आर्थर मॅकब्राइड' हे गाणं असंच आयरिश गायक पॉल ब्रेडीकडून आलेलं. 'जिम जोन्स' या गाण्याला तर ऑस्ट्रेलियाच्या मिक स्लोकमची चाल होती, त्यावरून हरकतही घेतली गेली. वर कव्हरवर मांडणी कोणाची, तर डिलनची!

रानवाट

अहो, लोकगीत कुणाच्या बापाचं असतं का? एकाने ऐकायचं, दुसऱ्याने गायचं, जाता जाता थोडं बदलायचं. हक्क सांगत बसले असते तर ही गाणी आपल्यापर्यंत आलीच नसती. डिलनची गाणी नाही का लोक घेत?

सहा_तारा

घेतात, आणि त्याला पैसे देतात. :)

बापाचं नसतं म्हणता? मग हे बघा. 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल' आपल्याला भीमसेनजींच्या आवाजात पाठ आहे. शब्द नामदेवांचे, सातशे वर्षांपूर्वीचे. चाल राम फाटकांची. कितीतरी लोक ती पारंपरिकच समजतात. उद्या एखाद्या बड्या गायकाने तीच चाल तशीच गायली आणि कव्हरवर 'पारंपरिक, संगीत संयोजन: मी' असं छापलं, तर इथेच किती मोठा धागा निघेल?

रानवाट

फाटकांचं उदाहरण बिनतोड आहे, पण डिलनला पूर्ण लागू होत नाही. पहिल्या तबकडीतलं 'फ्रँकी अँड आल्बर्ट' जुन्या ब्लूज गायक मिसिसिपी जॉन हर्टकडून आलं हे ब्लूज ऐकणाऱ्या कुणालाही पहिल्या दहा सेकंदांत कळतं. लपवाछपवी कुठे आहे?

ठोकळेबाज

न ऐकणाऱ्याला कसं कळावं? तुम्ही ब्लूजचे जाणकार, आमच्यासारख्यांनी कव्हरच वाचायचं ना.

जुनी_तबकडी

सहा_तारा, १९९२ बद्दल तुमचा मुद्दा खोडून काढण्यासारखा नाही, म्हणूनच मी दुसरी तबकडी वर ठेवली. १९९३ च्या कव्हरच्या आत डिलनने स्वतः टिपण लिहिलंय, कुठलं गाणं कुणाकडून आलं ते. मिसिसिपी शेक्स हा जुना वाद्यवृंद, ब्लाइंड विली मॅक्टेल, डॉक वॉटसन, टॉम पेली, जेरी गार्सिया, सगळ्यांची नावं आहेत. टिपण तिरकस आहे, मध्येच भलतीकडे जातं, पण ऋण मान्य केलेलं आहे. शेक्सनी १९३१ मध्ये गायलेलं गाणंच तबकडीचं नाव झालं, आणि शेक्स ऐकायचे तर कुणाकडे जायचं हे नव्या पिढीला कळलं.

सहा_तारा

वर्षभर उशिरा सुचलेलं शहाणपण. टिपण वाचायला मजा येते हे मात्र खरं.

ठोकळेबाज

माझा मूळ प्रश्न तसाच राहिला. यातून निघालं काय?

जुनी_तबकडी

१९९७ चं 'टाइम आउट ऑफ माइंड' निघालं. १९९० ची गाणी आणि ही गाणी लागोपाठ लावून बघा. १९९७ मध्ये तो जुन्या ब्लूजच्या तुटक ओळींत विचार करतो. रस्ता, रात्र, बंद दार, चालत राहणं. आयतं वाटावं इतकं साधं लिहितो. दोन वर्षं रोज डेलिया आणि स्टॅक-लीसारखी जुनी गाणी गात बसल्याशिवाय ते हातात आलं नसतं असं माझं ठाम मत आहे. आणि ही त्याची जुनीच शाळा. १९६२ च्या पहिल्या तबकडीतही १३ पैकी फक्त २ गाणी त्याची स्वतःची होती.

सहा_तारा

१९६२ काढलंतच म्हणून. त्याच तबकडीवरच्या 'हाउस ऑफ द रायझिंग सन'ची मांडणी डेव्ह व्हॅन राँक या न्यूयॉर्कच्या लोकगायकाची होती. डिलनने ती आधी ध्वनिमुद्रित केली आणि मग जाऊन त्याला विचारलं, घेऊ का म्हणून. पुढे व्हॅन राँक ते गाणं गायला लागला की लोक त्यालाच डिलनची नक्कल म्हणायचे. बिचाऱ्याने ते सोडून दिलं.

रानवाट

आणि १९६४ मध्ये ॲनिमल्स या ब्रिटिश बँडने ते गाजवल्यावर डिलनलाही लोक ॲनिमल्सची नक्कल म्हणू लागले, मग त्यानेही सोडलं. हे व्हॅन राँक स्वतःच मिटक्या मारत सांगायचा.

सहा_तारा

त्याची दानत मोठी. निक जोन्सचं नाव अजून राहिलंय.