वृद्धाश्रमातल्या गोळ्यांना जबाबदार कोण?

तापीकाठ: माझी आत्या, वय ८१, जळगावजवळच्या एका वृद्धाश्रमात असते. मागच्या मे महिन्यात "गोयी खादी का डोकं गरगरस" (गोळी खाल्ली की डोकं गरगरतं) असं आठवडाभर सांगत होती. सगळे म्हणाले, वयाचं आहे. मग बरळायला लागली. दवाखान्यात नेलं तर रक्तातलं सोडियम ११८, म्हणजे फारच कमी! बीपीसाठीची लघवी वाढवणारी गोळी दिवाळीत सुरू झालेली, ती ४५ अंशांच्या उन्हातही तशीच चालू. फाइलवर डॉक्टरांची सही मात्र दर महिन्याला. अमेरिकेत नर्सिंग होममधल्या, म्हणजे आजारी म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या आश्रमातल्या, रुग्णाला पहिले ९० दिवस ३० दिवसांतून एकदा, पुढे किमान ६० दिवसांतून एकदा डॉक्टरने प्रत्यक्ष बघायचं आणि औषधं तपासायची, असा नियम आहे. आपल्याकडेही प्रत्येक आश्रमाला नावानिशी जबाबदार डॉक्टर सक्तीचा करा.

भरीतभाकरी: आमच्या आश्रमात ३४ जण. निम्म्यांचे पैसे येत नाहीत, देणगीवर किराणा भागतो. सक्ती झाली की एकतर कुलूप लागेल, नाहीतर आजारी म्हाताऱ्यांना प्रवेश बंद. आणि घरी तरी दर महिन्याला कोणता डॉक्टर येतो हो?

धुळ्याची सिस्टर: घरी एक म्हातारी असते दादा, तुमच्याकडे ३४. पण तापीकाठ, डॉक्टर येऊन येऊन किती वेळ येणार? दहा मिनिटं. दोन तासांनी कूस बदलली का, पाणी किती पोटात गेलं, हे मावशीच बघतात. त्यांना कुणी काही शिकवलेलं नसतं. आधी रात्रपाळीला एक शिकलेली सिस्टर ठेवा, मग डॉक्टरचं बोला.

वकीलसाहेब: महाराष्ट्राच्या १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यातल्या 'नर्सिंग होम'च्या व्याख्येत आजारी, जखमींसोबत दुर्बल माणसंही आहेत. पण तिथे उपचार आणि शुश्रूषा होत असली पाहिजे. म्हणून नोंदणी टाळायला सगळे म्हणतात, आम्ही फक्त राहायला जागा देतो.

भुसावळचा फिजिशियन: मी दोन आश्रमांत जातो, फुकट. एका आजोबांची झोपेची गोळी बंद केली, कारण ते रात्री पडत होते. पुढच्या रविवारी मुलाने दुकानातून आणून पुन्हा सुरू केली. बीपीची वही कोरी. सही माझी, चालतं दुसऱ्याचंच. अशी जबाबदारी सक्तीने गळ्यात मारली तर मी जाणंच बंद करेन.

तापीकाठ: डॉक्टरसाहेब, तुमचा शब्द शेवटचा असावा म्हणूनच नाव लावा म्हणतोय. आत्याच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, मी फक्त बोलावल्यावर जातो. मग सही कशाची होती?

सिस्टर: आत्याची ती लघवीची गोळी सगळ्यांना सोसते असं नाही. उन्हात घामावाटे मीठ जातं, वरून नुसतं पाणी पाजतात, मग सोडियम आणखी उतरतं. कुणीतरी मार्चमध्येच बघायला हवं होतं, हे मान्य.

भरीतभाकरी: डॉक्टरसाहेब, मार्चमध्ये आमच्याकडे एक चक्कर माराल? सगळ्यांच्या गोळ्यांच्या पिशव्या काढून ठेवतो.

फिजिशियन: येतो. पण मी बंद केलेली गोळी परत सुरू झाली तर दुसऱ्यांदा येणार नाही.

भरीतभाकरी: ते मुलांना तुम्हीच सांगा, आमचं ऐकत नाहीत. सक्तीला माझा विरोध आहेच.