सल्ला हवाय: रात्री अर्धा तास मिळतो, कुठला जुना गेम खेळू? (आणि तुम्ही सध्या काय खेळताय?)

रात्रपाखरू
मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. पोरगी झोपली की मला रोज अर्धा तास मिळतो, कधी वीस मिनिटंच, आणि तेवढ्यात एखादा जुना गेम सुरू करून तो खरंच शेवटपर्यंत न्यायचाय. आजवर एकही पूर्ण केलेला नाही. सुपर मारिओ ब्रदर्सच्या आठव्या जगात लहानपणी अडकलो तो अजून तिथेच आहे. अटी: जुना लॅपटॉप आणि एक यूएसबी पॅड आहे, नवीन काहीही घ्यायचं नाहीये, गेम वीसेक रात्रींत संपावा, आणि आवाज बंद ठेवून खेळता यावा. तुम्ही लोक सध्या काय खेळताय तेही लिहा म्हणजे अंदाज येईल.

बोका_सोळाबिट
क्रोनो ट्रिगर. विषय संपला. १९९५ चा गेम आहे आणि मी आत्ता तिसऱ्यांदा खेळतोय, एकदा संपवला की न्यू गेम प्लस मिळतो, तीच ताकद घेऊन परत पहिल्यापासून जायचं आणि शेवटच्या राक्षसाला कधी गाठतो त्यावर गेमचा शेवट बदलतो. आणि आवाज बंद वगैरे काय, त्या संगीतासाठीच तर खेळायचा तो.

मांजरपाट
बोक्या, वीस रात्री गुणिले अर्धा तास म्हणजे दहा तास झाले. क्रोनो ट्रिगर एकदा संपवायलाच वीस-बावीस तास लागतात. धागा वाचून प्रतिसाद देत जा रे.

बोका_सोळाबिट
मग चाळीस रात्री खेळेल. कुठे पळून चाललाय गेम.

सीआरटीकाका
आधी स्क्रीन कुठला ते सांग, बाकी नंतर. लॅपटॉपच्या एलसीडीवर हे गेम बघणं म्हणजे फोटोतली बायको. मेगा ड्राइव्हवर (सेगाचं जुनं गेमयंत्र) सॉनिकमधले धबधबे बघ, एलसीडीवर नुसत्या उभ्या रेघा दिसतात, तेच पिवळ्या वायरने जुन्या काचेच्या टीव्हीला जोडलं की रेघा एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक दिसतं, करणाऱ्यांनी तसं धरूनच काढलंय ते. मी गेल्या वर्षी एक मोठा ट्यूबवाला टीव्ही कुणीतरी टाकून देत होता तो उचलला, तीन जिने एकट्याने चढवला, कमरेत उसण भरली आणि आठवडाभर आडवा होतो. पण आडवा होऊन त्याच्यावरच खेळलो.

रात्रपाखरू
काका, नवीन काही घ्यायचं नाहीये असं लिहिलंय मी.

सीआरटीकाका
नवीन कुठे, जुनाच घ्यायचाय.

एक_क्रेडिट
अर्धा तास म्हटल्यावर उत्तर एकच, कॉन्ट्रा. एनईएसवर (निन्टेंडोचं जुनं गेमयंत्र) १९८८ मध्ये आलेला, आठ टप्पे, हात बसला की अर्ध्या तासाच्या आत पूर्ण. पहिल्या रात्री पहिल्याच टप्प्यात मरशील, विसाव्या रात्री शेवटचं ते धडधडणारं हृदय फोडशील. स्प्रेड गन मिळाली की जपायची, दुसरी चांगली दिसली तरी उचलायची नाही. मी गेल्या महिन्यात एकही जीव न गमावता केला, व्हिडिओ आहे, हवा असेल तर सांगा. कोड वापरायचा नाही आणि सेव्ह स्टेट (गेम हवा तिथे जसाच्या तसा गोठवून ठेवणं) तर अजिबात नाही, सेव्ह स्टेट वापरून संपवला त्याला संपवला म्हणत नाहीत.

ढब्बू_पैसा
कॉन्ट्रा +१. पण नवख्याला तीन जीवांत जमणार नाही, तीस जिवांचा कोड टाकूनच खेळ. वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए सिलेक्ट स्टार्ट.

एक_क्रेडिट
सिलेक्ट त्या कोडमध्ये नाहीच. सिलेक्ट दाबलं की बाण दोन खेळाडूंवर जातो एवढंच, भावंडाबरोबर खेळणाऱ्या सगळ्यांना ते कोडचाच भाग वाटतं.

ढब्बू_पैसा
आम्ही कायम सिलेक्ट दाबूनच खेळलो आणि कायम तीस जीव मिळाले.

एक_क्रेडिट
कारण तुम्ही कायम दोघं होतात.

ढब्बू_पैसा
...बरोबर आहे, दादा असायचा.

मांजरपाट
अवांतर: तो कोड मुळात कॉन्ट्राचा नाहीच, १९८६ च्या ग्रेडियसमधला आहे. ज्याने तो गेम एनईएसवर आणला त्याला स्वतःलाच तपासताना खेळायला जड जात होता म्हणून त्याने स्वतःच्या सोयीसाठी टाकला आणि काढायचा राहून गेला. म्हणजे गेम बनवणारा माणूस शॉर्टकट मारत होता, आणि इथे एक_क्रेडिट साहेब अर्धा तास मिळणाऱ्या माणसाला सेव्ह स्टेट वापरू नको म्हणून दम देतायत. मी सरळ वापरते. मी सध्या सुपर मेट्रॉइड खेळतेय, पोरगा रडला की स्टेट सेव्ह, लॅपटॉप बंद. मेट्रॉइड कमी मेट्रॉइड होत नाही त्याने.

एक_क्रेडिट
वापरा हो, कोण अडवतंय. फक्त रेट्रोअचीव्हमेंट्सवर (जुन्या गेममधले पराक्रम नोंदवणारी साइट) हार्डकोअर मोडमध्ये सेव्ह स्टेट का बंद असतात याचा विचार करा. माझे तिथे चौदा गेम पूर्ण आहेत. हार्डकोअरमध्ये.

मांजरपाट
विचार केला. झोपायला जाते.

काडतूस_जपून
सल्ला देणाऱ्यांनी मूळ मुद्दाच सोडलाय, तो म्हणजे सेव्ह टिकतो का. मी फाइल-बिइल मानत नाही, अस्सल काडतूसच (गेमची कॅसेट) हवं, तर मी एक जुनं काडतूस घेतलं, त्याच्यात नाण्यासारखा सेल असतो, तो जिवंत तोवर आतला सेव्ह जिवंत. सेल म्हातारा झालाय म्हणून बदलायला घेतला, सोल्डरिंग गन घरात होतीच, जुना काढला, नवा लावला, झकास बसला, चालू केलं तर आधीच्या मालकाचा आणि माझा मिळून सगळा सेव्ह साफ. सेल काढला की मेमरी पुसली जाते हे मला नंतर कळलं. सेल काढण्याआधी सेव्ह उतरवून घ्यायचं एक छोटं यंत्र मिळतं, ते आता घेतलंय, पण आता उतरवायला काही उरलं नाही.
शिवाय एक हातात धरायचं यंत्र घेतलं, त्याच्याबरोबर आलेलं मेमरी कार्ड दीड महिन्यात मेलं. कुणी असलं यंत्र घेणार असाल तर पहिल्या दिवशी कार्ड बदला आणि जुन्याची कॉपी काढून ठेवा.

रात्रपाखरू
अरेरे, वाईट वाटलं. पण मी काडतूसही घेत नाहीये आणि यंत्रही.

काडतूस_जपून
घेतलंत तर म्हणून सांगितलं.

आठबिटी
मूळ प्रश्नाला उत्तर: मेगा मॅन २. १९८८ चा, एनईएस. तुझ्या अटींत हा जेवढा बसतो तेवढा दुसरा नाही बसत. आठ रोबो, हव्या त्या क्रमाने घ्यायचे, एका रात्री एक रोबो, आणि झाल्यावर पासवर्ड मिळतो, लाल ठिपक्यांची जाळी असते, कागदावर उतरवून ठेवायची. आधी मेटल मॅनला घे, त्याची चकती मिळाली की अर्धा गेम सोपा, आठही दिशांना फेकता येते आणि शाई जवळजवळ संपतच नाही (शाई म्हणजे शस्त्राची ऊर्जा, आम्ही शाईच म्हणायचो). पुढे किल्ल्यात सगळे रोबो परत भेटतात तेव्हा मेटल मॅनला त्याचीच चकती मार आणि मजा बघ.
आता मेख. पासवर्डमध्ये फक्त मेलेले रोबो आणि ई-टँक (ताकद भरून देणारे डबे) राहतात, खलनायक डॉक्टर विलीच्या किल्ल्यात तू किती आत गेलास ते राहत नाही. किल्ला एका बैठकीत करावा लागतो, अर्ध्या तासात तुला होणार नाही, तेवढ्यापुरता सेव्ह स्टेट वापर आणि एक_क्रेडिटला सांगू नकोस. आणि किल्ल्याच्या चौथ्या टप्प्यात भिंतीत बसवलेल्या तोफा आहेत, त्या फक्त क्रॅश बॉम्बने फुटतात आणि मोजकेच बॉम्ब असतात, वाटेतल्या भिंतींवर उडवलेस तर तिथे जाऊन मरायचं हाच उपाय.

ढब्बू_पैसा
मेगा मॅन २ +१. मेटल मॅन आधी घ्यायचा.

बोका_सोळाबिट
वरती लिहिलंय ते, ढब्बू.

ढब्बू_पैसा
म्हणूनच +१ म्हटलंय ना.

भुताटकी
मी पॅक-मॅन. बाकी सगळं सोडून दोन महिने तेवढंच चाललंय. लोकांना वाटतं भुतं कशीही फिरतात, तसं नाहीये, लाल सरळ तुमच्या मागे लागतं, गुलाबी तुमच्या तोंडापुढच्या चार घरांवर नेम धरतं, नारिंगी लांब असेपर्यंत पाठलाग करतं आणि जवळ आलं की घाबरून आपल्या कोपऱ्यात पळतं. तुम्ही प्रत्येक वेळी अगदी तस्संच वळलात तर भुतंही प्रत्येक वेळी तशीच वळतात, म्हणून वाट पाठ करता येते. मी पहिल्या काही बोर्डांची वाट वहीत काढलीय.

रात्रपाखरू
भारी आहे हे. पण तो संपतो का?

भुताटकी
२५६ व्या बोर्डावर अर्धा पडदा अक्षरांचा खिचडा होतो आणि पुढे जाता येत नाही. आकडा आठ बिटांत मावत नाही म्हणून. त्याला संपणं म्हणायचं तर संपतो.

एक_क्रेडिट
टेट्रिसही तसा संपत नाही म्हणायचे, एनईएसवर २९ व्या लेव्हलच्या पुढे माणसाला जमणं शक्य नाही असं सगळे धरून चालले होते. मग लोकांनी बटण दाबायच्या नव्या तऱ्हा काढल्या आणि २०२३ च्या डिसेंबरात तेरा वर्षांच्या मुलाने १५७ व्या लेव्हलला जाऊन गेमच बंद पाडला. सेव्ह स्टेट न वापरता, हे नमूद करतो.

डॉसबाधित
माझा सल्ला उलटा, काय खेळू नकोस ते सांगतो. एक, घोस्ट्स अँड गॉब्लिन्स, कुणीही कितीही सांगितलं तरी. एवढा मरमर करून शेवटाला पोचलास की गेम म्हणतो हा सैतानाचा भुलावा होता, आता परत पहिल्यापासून कर. दोन, प्रिन्स ऑफ पर्शिया. माझा जीव आहे त्याच्यावर, पण तुझ्यासाठी नाही. पूर्ण गेमला साठ मिनिटं, घड्याळ थांबत नाही, मेलास तर टप्पा पहिल्यापासून आणि गेलेली मिनिटं गेलीच. तलवारीत शिपायाने दोनदा लोळवलं की डोकं फिरतं. दमून भागून रात्री असलं घड्याळ डोक्यावर कशाला?

मांजरपाट
सहमत, प्रिन्स नको. माझा चौथ्या टप्प्यातल्या आरशावर जीव जायचा.

आठबिटी
प्रिन्स नको, +१. मेगा मॅन २ घे.

सीआरटीकाका
प्रिन्स तर मुळात मॉनिटरवरचा गेम, त्यात टीव्हीचा काही फायदाच नाही. बाद.

रात्रपाखरू
सगळ्यांचे मनापासून आभार. मेगा मॅन २ घेतो, ठरलं. वहीही काढून ठेवलीय.

(तीन आठवड्यांनी)

रात्रपाखरू
नमस्कार मंडळी, रागावू नका. मेगा मॅन २ चे तीन रोबो झाले, जाळी वहीत आहे, पण मग जुन्या हार्ड डिस्कवर प्रिन्स ऑफ पर्शिया पडलेला सापडला, डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस गेम चालवणारा प्रोग्राम) टाकला आणि तोच चालू आहे. पॅडही लागत नाही, बाण आणि शिफ्ट. डॉसबाधित म्हणाले ते घड्याळाचं खरंय, पण तिसऱ्या टप्प्यापासून कंट्रोल-जी दाबून सेव्ह होतं, उरलेल्या मिनिटांसकट, त्यामुळे माझी एक रात्र म्हणजे एक टप्पा चार-पाच वेळा वाईट खेळायचा आणि एकदा बरा खेळला की पुढे सेव्ह. बऱ्याचशा रात्री नुसता सराव होतो, घड्याळ गेलं तर गेलं, जुना सेव्ह उघडायचा.
परवा पोरगी पाणी प्यायला उठून आली तेव्हा नेमका खिळ्यांवर पडलो. तिने विचारलं तो पळत का गेला. मी म्हटलं पळावंच लागतं. ती म्हणाली हळू जाऊन बघ ना. शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकत गेलो तर खिळ्यांमधून आरपार गेला की हो तो, काहीही न होता. इतकी वर्षं मी उड्याच मारत होतो. आता आठव्यात आहे, दरवाजा बंद होऊन अडकलो होतो तर एक पांढरा उंदीर आला आणि बटणावर बसला. सव्वीस मिनिटं उरलीयत.

डॉसबाधित
सव्वीस?! आठव्यात? कमी आहेत. सहाव्यापासून परत कर.

एक_क्रेडिट
तोच सेव्ह परत परत उघडणं म्हणजे सेव्ह स्टेटच झालं.

मांजरपाट
अरे तो गेममध्येच दिलाय तो सेव्ह!!

बोका_सोळाबिट
क्रोनो ट्रिगर घेतला असतास तर तीन आठवड्यांत निम्मा झाला असता.

रात्रपाखरू
सहाव्यापासून नाही करणार, सव्वीसमध्येच बघतो. पोरीला शनिवारी जागं राहायला परवानगी दिलीय.

सीआरटीकाका
लॅपटॉपच्या पडद्यावर दोघांना दिसणार आहे का नीट? माझ्याकडे एक लहान आकाराचा ट्यूबवाला पडून आहे, हलका आहे, बघ.