मदत हवी आहे: आजीसाठी योम किप्पुरची प्रार्थना टीव्हीवर लाइव्ह लावायचीय

नमस्कार मंडळी, आम्ही पुण्यातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. आजीला आता लाल देवळापर्यंत (आमचं इथलं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ) जाणं झेपत नाही पण दरफाळणीच्या सणाचा, म्हणजे योम किप्पुरचा, उपास ती अजून धरते आणि कोल निद्रे (सण लागतानाची संध्याकाळची प्रार्थना) ऐकल्याशिवाय तिला चैन पडत नाही, म्हणून घरीच लाइव्ह लावायचं ठरवलंय.

ऑर्थोडॉक्स (जुने नियम काटेकोर पाळणाऱ्या) सिनेगॉगमध्ये त्या दिवशी कॅमेरा लावत नाहीत, रिफॉर्मवाले (सुधारणावादी) लावतात. पण न्यूयॉर्कचं बघावं तर ते साडेनऊ तास मागे, म्हणजे तिथे संध्याकाळ तेव्हा आपल्याकडे पहाट! इस्राएल अडीचच तास मागे आहे, ते जमेल. तिथलं हिब्रू प्रार्थनेचं चांगलं चॅनल माहितीये का कुणाला?

दुसरी खरी अडचण टीव्हीची. एकदा सण लागला की यंत्रं चालू-बंद करायची नाहीत म्हणून आजी रिमोटला हात लावत नाही, आम्हालाही लावू देत नाही, आणि तो मेला टीव्ही थोड्या वेळाने ‘अजून बघताय का’ विचारून आपोआप बंद होतो. सूर्यास्ताआधी लावून ठेवलं तर दुसऱ्या रात्री शोफार (उपास संपताना फुंकतात ते शिंग) वाजेपर्यंत चालू राहायला हवं. लॅपटॉप केबलने जोडला तर चालेल का? नक्की कुठली सेटिंग बंद करायची? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा, आजी रोज विचारतेय.