फोन सारखा रीस्टार्ट होतोय, दुकानदार म्हणतो सॉफ्टवेअर मारा. आतली रेकॉर्डिंग आधी कशी काढू?

पांझराकाठची (साक्री तालुका)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण निर्णय लवकर घ्यायचा आहे.

सासूबाईंचा फोन आहे. मीडियाटेक चिपचा, अँड्रॉइड 11 वाला, साधाच. महिनाभरापूर्वी अपडेट आलं, तेव्हापासून त्रास सुरू झाला. कंपनीचा लोगो येतो, थरथरतो, पुन्हा लोगो. कधी कधी पूर्ण उघडतो, पॅटर्न टाकता येतो, तीन-चार मिनिटं चालतो आणि मग पुन्हा बंद. दुपारी तर उघडतच नाही.

फोनचं मला काही नाही, नवीन घेता येईल. त्यात गेल्या श्रावणातली कानबाईची (आमच्या खान्देशातली देवी) गाणी आहेत. रोटांच्या रात्री जागरणाला सासूबाई आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या बायांनी म्हटलेली, रेकॉर्डरवर घेतलेली. संक्रांतीनंतर सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. आता बोलणं अडखळतं, गाणं होत नाही. काल फोन हातात घेऊन मला विचारत होत्या, "मन्हा गाना ग्यात का बठ्ठा?" (माझी गाणी गेली का सगळी?)

गूगलवर नंबर आणि फोटो सुरक्षित दिसतात, गाणी नाहीत. फोटोंचं अ‍ॅप फक्त फोटो-व्हिडिओ चढवतं, ऑडिओ नाही, हे मी तपासून घेतलं.

आता दोन मतं आहेत. दुकानदार म्हणतो, सॉफ्टवेअर मारावं लागेल, म्हणजे नव्याने टाकावं लागेल, पाचशे रुपये, डेटाची गॅरंटी नाही. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, काकू, बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम, तो कंपनीने कुलूपबंद ठेवलेला असतो) अनलॉक करू, टीडब्ल्यूआरपी (बाहेरचं रिकव्हरी साधन) टाकू, त्यातून पूर्ण बॅकअप घेऊ आणि मग नवीन रॉम, म्हणजे वेगळं अँड्रॉइड, टाकू. ऐकायला पुतण्याचं बरं वाटतं, कारण त्यात बॅकअप आधी आहे. पण हात लावायच्या आधी जाणकारांनी सांगावं. फोन अजून कोणालाही दिलेला नाही.

---

गिरणाथडी

ताई, रिकव्हरीत (अँड्रॉइड सुरू न होता उघडणारा दुरुस्तीचा मेनू) जाऊन फॅक्टरी रीसेट मारा, बरेच फोन त्यानेच सुरू होतात. आमच्याकडे दोन फोन असेच झाले होते. डेटा नंतर रिकव्हरी सॉफ्टवेअरने निघतो.

---

भुसावळकर

ताई, वरचं अजिबात करू नका. गिरणाथडी भाऊ, राग मानू नका, पण "नंतर निघतो" हे जुन्या फोनांचं झालं. मी फोन दुरुस्तीचंच काम करतो आणि हाच सल्ला ऐकून आलेले फोन माझ्या टेबलावर रोज येतात. अँड्रॉइड 10 पासून पुढच्या नव्या फोनांत प्रत्येक फाइल कुलूपबंद असते. किल्ली चिपच्या आत असते आणि ती तुमच्या पॅटर्नशी बांधलेली असते. रीसेट केला की फोन ती किल्लीच नष्ट करतो. मग मेमरी चिप उपसून मशीनला लावली तरी हाती नुसता कचरा येतो. पैसे घेऊन "काढून देतो" म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

आता पुतण्याचं. पोरगा हुशार आहे, टीडब्ल्यूआरपी चांगलं साधन आहे, पण क्रम उलटा होतोय. टीडब्ल्यूआरपी टाकायला बूटलोडर उघडावा लागतो, आणि बूटलोडर उघडताच फोन स्वतःला पुसतो. चोराने फोन उघडून आतलं वाचू नये म्हणून ती सोय मुद्दाम ठेवलेली आहे. म्हणजे "पूर्ण बॅकअप" निघेल तो रिकाम्या फोनचा. शिवाय टीडब्ल्यूआरपी जेव्हा डेटा विभागाचा बॅकअप घेतं तेव्हा इंटर्नल स्टोरेज, म्हणजे फोटो, गाणी, डाउनलोड, हे त्यात धरतच नाही. ही गोष्ट मुरलेल्या लोकांनाही बऱ्याचदा ठाऊक नसते. आणि अनलॉकची परवानगी सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. चार मिनिटं चालणाऱ्या फोनवर ते करत बसण्यापेक्षा तीच चार मिनिटं गाण्यांना द्या.

तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. "दुपारी उघडतच नाही." आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, तुमच्याकडेही फार कमी नसेल. उन्हाने जो बिघाड वाढतो तो बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा नसतो. बॅटरी उतरलेली असते, पॉवर आयसी (वीज सांभाळणारी चिप) किंवा मेमरी चिपचे टाके (सोल्डरचे जोड) सुटत आलेले असतात. अपडेट आलं आणि त्रास सुरू झाला हे खरं असेल, पण अपडेटच्या वेळी फोन खूप तापतो आणि मेमरीवर भरपूर लिहिणं होतं. आधीच खिळखिळं झालेलं तिथे उघडं पडतं.

घरच्या घरी पाहायचं असेल तर असं पाहा. कव्हर काढा. पॉवरचं बटण आत दबून तर बसलं नाही ना, नखाने हलवून बघा. दबलेल्या बटणानेही फोन असाच लोगो-लोगो करत बसतो. मग फोन रिकव्हरीत न्या आणि तसाच ठेवून द्या, काही दाबू नका. तिथे बहुतेक फोनांत टच चालत नाही, व्हॉल्यूमच्या बटणाने खाली सरकतं आणि पॉवरच्या बटणाने निवडलं जातं. वाइप डेटाची ओळ त्याच यादीत असते, म्हणून लहान मुलाच्या हातात देऊ नका. रिकव्हरीत फोन पंधरा-वीस मिनिटं शांत राहिला तर दोष सॉफ्टवेअरचा असण्याची शक्यता जास्त. तिथेही बंद पडला तर अँड्रॉइड सुरूच झालेलं नसताना तो पडतोय, म्हणजे हार्डवेअर. अशा फोनला सॉफ्टवेअर मारणं फार धोक्याचं. अर्ध्यात लिहिणं थांबतं आणि जो फोन चार मिनिटं का होईना उघडत होता तो काळा पडतो. दुकानदाराने बॅटरीच्या जागी पॉवर सप्लाय लावून काट्यावर करंट पाहिला होता का? पाहिला नसेल तर त्याने निदान केलेलं नाही, अंदाज सांगितला आहे.

गाणी काढायची तर पहाटे काढा, फोन रात्रभर बंद ठेवून. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत ओल धरतो. सिम आणि मेमरी कार्ड काढून ठेवा. फोन उघडला की पॅटर्न टाका, लगेच एअरप्लेन मोड. सेफ मोडमध्ये उघडता आला तर आणखी बरं, बाकीची अ‍ॅप उठत नाहीत आणि फोन कमी तापतो. मग लॅपटॉपला केबल, "फाइल ट्रान्स्फर" निवडा आणि थेट रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये जा. पूर्ण फोन कॉपी करायला घेऊ नका. फोल्डरही नको, एकेक फाइल घ्या. कॉपीच करा, कट नाही. रेकॉर्डरच्या एम4ए फाइलची अनुक्रमणिका बऱ्याचदा शेवटी असते, त्यामुळे 95 टक्के आलेली फाइलही वाजत नाही. म्हणून प्रत्येक फाइल आली की लॅपटॉपवर वाजवून बघा. ओटीजी (थेट फोनला लागणारा) पेनड्राइव्हही चालतो, पण तो वीज फोनकडूनच ओढतो. बॅटरीची शंका असताना लॅपटॉप बरा, तो उलट फोनला थोडी वीज देतो.

पुतण्याला ही सगळी पोस्ट वाचायला द्या. पहाटे शेजारी तोच बसू दे.

---

तापीकाठचा (शिरपूर)

भुसावळकर दादांनी मुद्द्याचं सांगितलं. दोन गोष्टी जोडतो.

ताई, त्यातली काही गाणी तुम्ही तेव्हा घरच्या ग्रुपवर टाकली होती का? टाकली असतील तर नणंदा, जावा, बाहेरगावची भाचरं, यांच्या फोनमध्ये अजून असतील. व्हॉट्सअ‍ॅपच्या ऑडिओ फोल्डरमध्ये शोधायला सांगा. फोन दुरुस्त होवो न होवो, हे काम आजच होण्यासारखं आहे.

दुसरं पुतण्यासाठी. बूटलोडर उघडा ठेवून वेगळा रॉम टाकला की बँकेची बरीच अ‍ॅप आणि काही यूपीआय अ‍ॅप चालत नाहीत. प्ले इंटिग्रिटी या गूगलच्या सुरक्षा तपासणीत फोन नापास होतो. काही कंपन्यांच्या फोनांत तर आत एक फ्यूज कायमचा उडतो, नंतर मूळ सॉफ्टवेअर टाकलं तरी तो परत येत नाही. घरातल्या वयस्कर माणसाच्या फोनवर असले प्रयोग करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यात काहीच नाही अशा जुन्या फोनवर खुशाल शिकावं.

---

पांझराकाठची

खूप आभार. आज पहाटे पुतण्याला घेऊन बसले. कव्हर आणि सिम काढलं, सेफ मोड जमला. फोन दोनदा मध्येच बंद पडला, पण तोपर्यंत एकेक फाइल येत गेली. सगळी गाणी आली, फक्त सर्वांत लांब असलेली एक अर्धीच आली आणि ती वाजत नाही. नणंदेकडे ग्रुपवरची तीन सापडली, त्यात ती नाही.

सासूबाईंना लॅपटॉपवर ऐकवलं. ओठ हलवत होत्या.

रिकव्हरीतही ठेवून पाहिला, पाच-सहा मिनिटांत बंद. आणि कव्हर काढल्यावर दिसलं की मागचं झाकण एका कोपऱ्यात किंचित उचललंय, नख जातं आत. आता दुकानात काय सांगू? सॉफ्टवेअर मारू द्यायचं की नाही?

---

भुसावळकर

गाणी आली, फार बरं वाटलं ताई.

झाकण उचललंय म्हणजे बॅटरी फुगली आहे. आता चार्जिंगला अजिबात लावू नका, झाकण दाबून बसवायला जाऊ नका, उशीखाली किंवा उन्हात ठेवू नका. दुकानात जाऊन एवढंच सांगा की बॅटरी बदला, सॉफ्टवेअरला हात लावू नका. बऱ्याच फोनांचं रीस्टार्ट होणं तेवढ्यावर थांबतं. नवी बॅटरी टाकूनही रिकव्हरीत पडला तर बोर्डाचं काम आहे, ते बोर्डावर टाके घालणाऱ्याकडेच द्या.

राहिलेली लांब फाइल बॅटरी बदलल्यावर लगेच, दुकानातून उठायच्या आधी काढा. पेनड्राइव्ह सोबत न्या.

त्यानंतरही सॉफ्टवेअर मारायचीच वेळ आली तर पुतण्याला सांगून ठेवतो. आधी *#06# दाबून दोन्ही आयएमईआय (फोनचे ओळख क्रमांक) कागदावर उतरवा, खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघा. फोनमधला जीमेल आणि त्याचा पासवर्ड पाठ पाहिजे, रीसेटनंतर फोन जुनंच खातं मागतो. फर्मवेअर (कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर) नेमक्या त्याच मॉडेलचं घ्या, आणि आत्ता आहे त्यापेक्षा जुनं नको. काही फोन जुनं सॉफ्टवेअर टाकलं की कायमचे बसतात. मीडियाटेकच्या फ्लॅश टूलमध्ये "डाउनलोड ओन्ली" आणि "फॉरमॅट ऑल प्लस डाउनलोड" एकाच यादीत असतात. दुसरं निवडलं तर आयएमईआय आणि नेटवर्कची माहिती ठेवलेला भागही पुसला जातो, मग सिमला रेंजच येत नाही. अशा वेळी "दुसरा नंबर टाकून देतो" म्हणणारा कोणी भेटला तर तिथून उठा. आयएमईआय बदलणं 2023 च्या दूरसंचार कायद्याखाली गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हे काम लॅपटॉपवरच करा, त्याची बॅटरी भरून. डेस्कटॉपवर करताना मध्येच लाइट गेली तर फोन अर्धवट लिहिलेला राहतो.

आलेली गाणी लॅपटॉपवर एकाच जागी ठेवू नका. आज एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक नणंदेकडे पाठवा. पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर "डॉक्युमेंट" म्हणून जोडा, म्हणजे फाइल आहे तशीच, नावासकट जाते.

---

पांझराकाठची

दोन्ही प्रती झाल्या. शनिवारी पुतण्या तालुक्याला जाणार आहे, पेनड्राइव्ह त्याच्याच पिशवीत टाकलाय. लांब फाइल आली की इथे कळवते.