तान्ह्या बाळासाठी बाबागाडी सुचवा (बजेट आठ हजार, लिफ्ट जाळीच्या दाराची)

एरंडवण्याचा_बाप
नमस्कार मंडळी. मुलगी झाली! बायको आणि लेक सध्या मिरजेला, सव्वा महिना झाला की पुण्यात येतील. त्याआधी गाडी घेऊन ठेवायची आहे. इमारत जुनी, तिसरा मजला. लिफ्टच्या दाराची मोकळी रुंदी टेपने मोजली, २३ इंच. गाडी मुख्यतः माझे बाबा ढकलणार, सकाळी कमला नेहरू पार्कपर्यंत. ते सहा फुटी आहेत आणि कंबर धरते, म्हणून हँडल ठेंगणं नको. बजेट आठ हजार, अगदी ताणून साडेआठ. दुकानदार समोर येईल त्या गाडीला 'झिरो टू थ्री इयर्स' म्हणतो. नक्की काय बघायचं?

दोन_पिल्लांची_आई
अभिनंदन! लेकीला पापा. बजेट जरा वाढवा हो. आम्ही २४ हजारांची घेतली, दोन्ही मुलांना पुरली, आता नणंदेच्या बाळाला दिली आहे, अजून नवी दिसते. या वस्तूंमध्ये पैशाकडे बघू नये.

तिरपागडा
घेऊच नका. आमच्याकडे सध्या बाबागाडीत कांदे-बटाटे आहेत. पोरगं त्यात एकूण जेवढा वेळ बसलं असेल, त्याहून जास्त वेळ कांदे बसलेत.

मिरजकर_सून
मिरजेचं नाव वाचून आले. :) बाळ घरी यायच्या आधी गाडी आणायची नसते असं आमच्या सासूबाई म्हणतात. पाळणासुद्धा बारशाच्या आदल्या दिवशी आणला होता.

तिरपागडा
बाळ झालंय की. बारसंही झालं असेल. आता कुणाला घाबरायचं?

मिरजकर_सून
मी फक्त सांगितलं. घाबरायचं म्हटलं नाही.

फ्रांकफुर्टची_काकू
इथे जर्मनीत सुरुवातीचे महिने मूल सपाट टोपलीतच झोपवतात, बसकी सीट नंतर लावतात. चाकं मोठी, हवा भरायची. बसमध्ये गाडीसाठी वेगळी जागा असते, ड्रायव्हर बस फूटपाथच्या बाजूला कलती करतो. तुम्हीही मोठ्या चाकांचीच घ्या. लहान चाकांच्या गाड्या म्हणजे खेळणी.

पेठेतला_पाहुणा
काकू, आमच्याकडे बस आपली आपणच कलते. जंगली महाराज रस्त्याचा फूटपाथ रुंद झाला हे खरं, पण प्रभात रोडच्या गल्ल्यांत फूटपाथवर दुचाकी, झाडाचा बुंधा आणि डीपी बॉक्स हे तिघे आधीपासून राहतात. गाडी रस्त्यावरूनच न्यावी लागणार.

वॉर्डातली_ताई
मी नवजात शिशु विभागात नर्स आहे. गाडीची कंपनी नंतर बघा, आधी सीटची पाठ बघा. तान्ह्या बाळाची मान धरलेली नसते. पाठ तिरकी असली की डोकं पुढे पडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. बाळ रडतही नाही, म्हणून कळत नाही. मान नीट धरेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, पाठ सपाट किंवा सपाटाच्या जवळ हवी. युरोपच्या ईएन १८८८ या मानकात सहा महिन्यांखालच्या बाळासाठी पाठ आणि बैठक यांत किमान १५० अंशांचा कोन मागितला आहे.

दुकानात सीट पूर्ण मागे करा आणि मधोमध तळहात दाबा. स्वस्त गाड्यांत पाठ नुसत्या कापडाच्या पट्ट्यावर तोललेली असते. रिकामी असताना सपाट दिसते, वजन पडलं की मधे झोळ येतो. झोळ येत असेल तर तान्ह्यासाठी नको.

दुसरं, पट्टा पाचपदरी हवा: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक मांड्यांमधून. आणि तो लावा! 'झोपलंय, कुठे पडतंय' म्हणून लावत नाहीत आणि मग गतिरोधक येतो.

दोन_पिल्लांची_आई
अगदी बरोबर. आमच्या २४ हजारांच्या गाडीत पाचपदरी पट्टा होता.

गोंयकार_ठाण्यात
गाडी कसली घेता, कॅरिअर घ्या. हात मोकळे, लिफ्टचा प्रश्न नाही. तीन हजारांत काम झालं. मी लेकीला छातीशी बांधून लोकल पकडायचो.

वॉर्डातली_ताई
कॅरिअर चांगलंच, पण नवजात बाळाला चालेल असं हवं. गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर, चेहरा उघडा, हनुवटी छातीपासून सुटी. आणि इथे बांधणार कोण आहे? कंबर धरलेले आजोबा.

गोंयकार_ठाण्यात
आजोबांनी चालावं, पोराने बांधावं. सोपं आहे.

नाना_डोंबिवली
आमच्या काळी हे काही नव्हतं. दुपट्यात गुंडाळलं की मूल खांद्यावर. पुढे सावंतवाडीच्या चितारआळीतून लाकडी पांगुळगाडा आणला. तीन मुलं त्यावर चालायला शिकली. पांगुळगाडा घ्या.

पेठेतला_पाहुणा
नाना, बाळ सव्वा महिन्याचंही नाही.

फ्रांकफुर्टची_काकू
पांगुळगाडे धोकादायक. कॅनडात २००४ पासून बंदी आहे.

नाना_डोंबिवली
बंदी तुमच्या त्या प्लास्टिकच्या, आत बसवायच्या वॉकरवर आहे. माझा ढकलायचा आहे, लाकडी. दोन्हींत फरक आहे, आधी वाचा.

तिरपागडा
या मुद्द्यावर नाना बरोबर आहेत. कुठेतरी नोंद करून ठेवा.

सिंहगड_रोडकर
हँडल पलटणारी गाडी घेऊ नका, हे कळकळीने सांगतो. दुकानात फार भारी वाटतं, हँडल इकडचं तिकडे केलं की बाळाचं तोंड आपल्याकडे. पण फिरणारी चाकं पुढच्या बाजूला असतात, हँडल पलटलं की ती तुमच्या पायाशी येतात. मग वळवताना गाडी मागून झोकांडते. शिवाय ब्रेक पलीकडच्या चाकाला जातो. उतारावर गाडी उभी केली आणि ब्रेक लावायला पुढून वळसा घालून गेलो, तोवर ती सुटली. बाळ आत नव्हतं, दुधाच्या पिशव्या होत्या. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांच्याकडून पैसे परत यायचेत अजून.

सीटच उचलून उलटी लावता येते अशी गाडी मिळाली तर उत्तम, पण आठ हजारांत कठीण.

चतुर_भिंगरी
सिंहगड_रोडकर +१. आणखी एक: हँडलला पिशव्या अडकवू नका. बाळाला उचललं की गाडी उताणी पडते. सामान खालच्या टोपलीत.

दोन_पिल्लांची_आई
मीही हेच म्हणणार होते, पिशव्या अडकवू नका.

मिरजकर_सून
ऊन लागतं म्हणून आमच्या सोसायटीत सगळ्या गाडीवर दुपटं टाकतात. आत चांगलंच तापतं हो, वारा बंद होतो. छत मोठं असलेली घ्या आणि मच्छरदाणी बरोबर येते का विचारा.

एरंडवण्याचा_बाप
सर्वांचे आभार. काल दोन दुकानं फिरलो. ताईंनी सांगितल्याप्रमाणे तळहात दाबून बघितला, तीन गाड्यांपैकी दोघींना झोळ आला. तिसरीच्या पाठीवर मोबाइलची लेव्हल ठेवली तर चांगलाच चढ निघाला. सेल्समन म्हणाला, 'सर, आजवर कुणी असं बघितलं नाही.' तिची रुंदी मात्र २१ इंच, लिफ्टमध्ये आरामात बसते. बाबांनी ढकलून बघितली. हँडल त्यांच्या मांडीशी, आणि पाऊल टाकलं की नडगी मागच्या दांड्याला लागते. तेव्हा तीही बाद.

सिंहगड_रोडकर
हे नडगीचं कुणी लिहीत नाही. उंच माणसाने दुकानात नेहमीच्या ढांगा टाकून बघायलाच हवं.

गोंयकार_ठाण्यात
कॅरिअर.

दोन_पिल्लांची_आई
मी पुन्हा सांगते, बजेट वाढवा.

चतुर_भिंगरी
सहा महिने थांबा, मग हलकी छत्रीसारखी मिटणारी घ्या. तोवर आजोबांनी मांडीवर घेऊन गॅलरीत बसावं. माझं हेच मत आहे.

पेठेतला_पाहुणा
अनुमोदन. लसीकरणाला तर रिक्षाच करणार ना? रिक्षात बाबागाडी म्हणजे ड्रायव्हरचा चेहरा बघण्यासारखा होतो.

एरंडवण्याचा_बाप
अपडेट. बाबांनी परस्पर निकाल लावला. त्यांच्या पार्कातल्या मित्राच्या नातवाची जुनी गाडी घेतली, साडेचार हजारांना. परदेशातून आणलेली, मोठी चाकं, खाली कडक तळाची सपाट टोपली, हँडल वरखाली होतं. लेव्हल ठेवली, बुडबुडा मधोमध. रुंदी २५ इंच.

तिरपागडा
मग ते २३ इंच मोजले कशाला?

एरंडवण्याचा_बाप
गाडी खाली राहणार, जिन्याखाली, साखळी लावून. टोपली सुटी होते, पण ती हातात धरून बाबांनी वर यायचं नाही असं ठरलंय. बाळाला मी वर-खाली करणार. बाबा खूश आहेत, रोज रिकामी गाडी पार्किंगमध्ये फिरवून सराव करतात.

फ्रांकफुर्टची_काकू
बघा! मोठी चाकं!

वॉर्डातली_ताई
छान. जुनी आहे तर टोपली सांगाड्यावर दोन्ही बाजूंना खटकन बसते का, ब्रेक लावून उतारावर ढकललं तर हलते का, पट्ट्याचा खटका ओढल्यावर सुटत नाही ना, हे बघा. आणि घडी घालायच्या सांध्यांत बोट घालता येतं का तेही. २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लारेन या बाबागाड्यांच्या कंपनीने सुमारे १० लाख गाड्यांसाठी सांध्यावरची झाकणं दिली होती, मुलांच्या बोटांची टोकं तुटली म्हणून. घडी उघडताना-मिटताना मूल जवळ नको. टोपलीची गादी जुनीच असेल तर तिच्यावर दुसरी मऊ गादी किंवा उशी घालू नका.

एरंडवण्याचा_बाप
सांधे बघतो. उशी आईने शिवून ठेवली आहे, मोहरीची. ती टोपलीत ठेवायची नाही हे तिला कसं सांगायचं, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

पेठेतला_पाहुणा
जिन्याखाली सामान ठेवायला आमच्या सोसायटीत मनाई आहे. आगीच्या वेळी वाट अडते म्हणून. सेक्रेटरींना आधी विचारा, नाहीतर नोटीस बोर्डावर नाव येईल.

एरंडवण्याचा_बाप
सेक्रेटरी बाबाच आहेत.

जुळ्यांची_मावशी
वाचतेय. आमच्याकडे जुळी येणार आहेत, बजेट दहा हजार, लिफ्ट नाही. शेजारी-शेजारी सीटची घ्यावी की पुढे-मागे?

दोन_पिल्लांची_आई
बजेट वाढवा.

गोंयकार_ठाण्यात
दोन कॅरिअर.